ताईच्या मापाचं पाणी

चंद्रहास तिरोडकरला नवस बोलायची हौस होती आणि नवसातून पळवाट काढायची त्याहून मोठी. लेक आर्याच्या दहावीच्या निकालापर्यंत त्यानं गोड सोडलं, पण गूळ हा औषधी पदार्थ आहे असा निवाडा स्वतःच देऊन टाकला. फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत चहा सोडला आणि त्याच कपातून कॉफी प्यायला लागला. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वांगं सोडलं. वांगं तो जन्मात कधी खात नव्हता.

"देवाला तुमच्या आवडीनिवडी ठाऊक नाहीत, असं धरूनच चालता तुम्ही," त्याची बायको सुमेधा म्हणायची. हे सगळे किस्से चंद्रहास स्वतःच वसईच्या कॉलेजच्या ऑफिसात रंगवून सांगायचा. तिथं तो हेडक्लार्क होता आणि दुपारच्या डब्याला त्याच्याशिवाय रंगत नव्हती. आपण थोडे हास्यास्पद आहोत हे त्याला माहीत होतं. लोक हसायच्या आधी आपणच हसून घ्यावं, म्हणजे फारसं लागत नाही, असा त्याचा अनुभव होता.

म्हणून जेव्हा खरोखरीचा नवस बोलायची वेळ आली, तेव्हा त्यानं कुणाला सांगितलंच नाही. आयुष्यातला पहिला गुप्त नवस, आणि नेमका तोच त्याला भोवला.

विनिताताई त्याची थोरली बहीण. विरारच्या मनवेलपाड्यात त्याच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून एकटीच राहायची. लग्न केलं नाही, शाळेत पी.टी. शिकवली, आणि वडील गेल्यावर चंद्रहासला शिकवलं तेही बरंचसं पी.टी.च्याच पद्धतीनं, म्हणजे शिट्टी आणि दरडावणी. तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव होतं, पण ती यादी काही हलत नव्हती. शेवटी चंद्रहासच्या तपासण्या झाल्या आणि त्याची किडनी तिला जुळली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं.

किडनी जुळल्याचं कळल्यापासून चंद्रहासची चालच बदलली. भाजीवाल्याकडं उभा राहिला तरी याच्या मनात असायचं, की अवयवदात्याकडून कोथिंबिरीचे पैसे घेताना या माणसाला काहीच कसं वाटत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यानं तीनदा विषय किडनीवर नेला. पैकी एकदा चर्चा लिफ्टची चालली होती.

किडनीच्या डॉक्टर सालोमी परेरा यांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या होत्या. वजन थोडं उतरवा, रोज चाला, भरपूर पाणी प्या, आणि मला विचारल्याशिवाय कुठलीही गोळी घेऊ नका. त्यातल्या पहिल्या दोन त्यानं मनावर घेतल्या. तिसऱ्या गोष्टीचं काय झालं ते एप्रिलमधल्या एका दुपारी झालं.

त्या दुपारी तो ताईकडे जेवायला होता. ताईला दिवसाचं पाणी मोजून होतं. सकाळी एक लिटरची स्टीलची बाटली भरायची, आणि चहा, आमटी, ताक, जे काही ओलं पोटात जाईल ते सगळं त्यातून वजा. जेवण झाल्यावर तिनं बाटली कानाशी नेऊन हलवली, उरलंय किती ते ऐकलं, आणि न पिताच झाकण लावून टाकलं. ओठांवर पापुद्रे आले होते. "आमटी वाटीभर जास्त घेतली ना मी," ती म्हणाली, "आता संध्याकाळपर्यंत चालवायला हवं." चंद्रहासच्या हातात तेव्हा भरलेला तांब्या होता. तो त्याला तोंडाला लावता येईना. वॉशबेसिनशी जाऊन तो गुपचूप रडला आणि तोंड धुतल्याचं नाटक करून बाहेर आला.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरातल्या सातेरीच्या फोटोसमोर उभा राहिला. सातेरी म्हणजे त्याच्या गावची देवी. "आई, ताई एका दमात तांब्याभर पाणी पिईल त्या दिवशी मीही पिईन. तोवर तिच्या मापानं," एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून तशीच स्टीलची बाटली घेऊन आला. या वेळी पळवाट नव्हती. चहा वजा, आमटी वजा, कलिंगडाची फोडसुद्धा वजा. आपल्याला हे जमतंय याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या आश्चर्याची त्याला चटकच लागली.

आता विरारचा मे महिना कसा असतो हे वेगळं सांगायला नको. माणूस नुसता बसला तरी निथळतो. त्यात चंद्रहास सकाळी तास-तासभर चालायचा, वजन उतरवायचं म्हणून. रविवारी तर ऑफिसातला गॉडफ्रे त्याला राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूतून चालवायचा. गॉडफ्रे राजोडीचाच, त्याला वाळूची सवय. चंद्रहासच्या पोटऱ्यांना नव्हती. त्यांत रात्रंदिवस गोळे यायला लागले, तेव्हा त्यानं मेडिकलमधून दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ घेतल्या. डॉक्टरांना एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास द्यायचा, असा त्यामागे उदात्त विचार होता.

आणि मग घड्याळ आलं. आर्या पुण्यात नोकरीला लागली होती. पहिल्या पगारातून तिनं बाबांना मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं. ठोके एका हद्दीच्या वर गेले की ते घड्याळ पॉइंट द्यायचं, जेवढी मिनिटं वर तेवढे पॉइंट. गॉडफ्रेकडं तसंच घड्याळ होतं, ऑफिसातल्या आणखी दोघातिघांकडंही. त्यांनी पॉइंटांची चढाओढ लावली होती आणि रोज रात्री व्हॉट्सॲपवर निकाल लागायचा. चंद्रहास पहिल्या आठवड्यात शेवटून पहिला होता. दुसऱ्या आठवड्यात मधे आला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो सगळ्यांच्या पुढे गेला, आणि तेही अशा फरकानं, की त्याचा त्यालाच संशय यायला हवा होता.

आला नाही. जिने चढला की पॉइंट, आंघोळीला गेला की पॉइंट. एकदा तर सोफ्यावर पडून बातम्या बघत होता, आणि घड्याळानं मनगटावर थरथरून सांगितलं की तुम्ही स्वस्थ बसला आहात पण तुमचे ठोके वाढलेले दिसतात. चंद्रहासनं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "काही लोकांना व्यायामासाठी उठावंसुद्धा लागत नाही."

"सोफ्यावर बसून मला हरवतो म्हणजे कमाल झाली तुझी," दुसऱ्या दिवशी ऑफिसात गॉडफ्रे म्हणाला. मग त्याच्याकडं जरा निरखून बघून म्हणाला, "पन चेहरा का असा सुकटासारखा दिसतो रे? पानी-बिनी पितो का नाय?"

"फिट माणसाचा चेहरा असाच असतो. गाल उतरतात," चंद्रहास म्हणाला.

बाकीच्या खुणाही काही कमी नव्हत्या, पण प्रत्येकीला त्याच्याकडं उत्तर तयार होतं. लघवी कडक चहाच्या रंगाची झाली, तर अंगातली उष्णता बाहेर पडतेय. जीभ टाळूला चिकटते, तर हल्ली बोलणं फार होतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तर वजन उतरल्यामुळे हलकं वाटतंय. वजन खरंच उतरलं होतं, महिन्याभरात चार किलो. "हल्ली तुम्ही सकाळी बाथरूम अडवून बसत नाही," सुमेधा एकदा म्हणाली, तेव्हा त्यानं ती शाबासकीच समजली. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत आपण फ्लशचं पाणीही वाचवतोय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

ऑपरेशनला तीन आठवडे उरले होते. त्या रविवारी तो राजोडीहून परस्पर ताईकडे गेला. ताई खिडकीपाशी खुर्ची टाकून बसली होती. डायलिसिसचा आदला दिवस तिला नेहमीच जड जायचा. पाय सुजलेले, दम थोडा लागलेला. पण आवाज अजून मैदानावरचाच होता.

"काय रे हे? गालफडं कुठं गेली तुझी?"

"चार किलो उतरवले," चंद्रहास छाती काढून म्हणाला. "आणि हे बघ. आज सकाळपासून दीडशे पॉइंट. अख्ख्या ऑफिसात पहिला."

"फ्रिजमधलं पाणी घे आधी. घामानं शर्ट पांढरा झालाय बघ मिठानं."

"नको. पिऊन आलोय."

तो खोटं बोलला, आणि विषय बदलावा म्हणून तिची औषधं आणून देतो म्हणत उठला. उठला तसा समोरचा टीव्ही, कपाट, खिडकी, सगळं एका बाजूला कललं. पडला नाही, कारण ताईनं खुर्चीतूनच त्याचं मनगट पकडलं. पकडलं आणि सोडलं नाही. तीस वर्षं शर्यतीआधी मुलांच्या नाड्या बघितलेल्या बोटांनी त्याची नाडी धरली आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली.

"गप्प बस," ती म्हणाली. चंद्रहासनं तोंड उघडलंही नव्हतं.

मग तिनं आपलं बीपीचं मशीन काढलं. त्याला बसवून मोजलं. ठोके एकशे बारा. उभं करून मोजलं, एकशे चौतीस, आणि वरचं बीपी नव्वदला टेकलेलं. ताईचा चेहरा बदलला. तिला त्यानं डायलिसिस सुरू झालं त्या दिवशीही घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"चंदू, मशीनवर माझ्या अंगातलं पाणी कधी जास्त काढलं गेलं ना, की मला अगदी हेच होतं. आधी छाती धडधडायला लागते. कुणाला काही दिसत नाही, मी बोलतेय, हसतेय, पण ठोके पळतात. मग बीपी पडतं. मग मला दिवे मालवल्यासारखं होतं. पाणी किती पितोस तू?"

"पितो की."

"किती?"

पी.टी.च्या बाईंसमोर खोटं फार वेळ टिकत नाही. चंद्रहासनं पिशवीतून बाटली काढली आणि टीपॉयवर ठेवली. ताईच्या बाटलीच्या शेजारी तिची जुळी बहीण उभी राहिली. ताई आधी एका बाटलीकडं बघत राहिली, मग दुसरीकडं. तिला समजायला वेळ लागला, कारण असं काही कुणी करेल हे तिच्या डोक्यातच येणारं नव्हतं.

"तू पिईपर्यंत मीही तेवढंच..." चंद्रहास म्हणाला. "सातेरीला बोललो होतो."

त्याला वाटलं होतं, हे उघड होईल तेव्हा ताईचे डोळे भरून येतील. महिनाभर त्यानं तो प्रसंग मनात नीट बसवून ठेवला होता. स्वतः काय म्हणायचं तेही ठरलं होतं. ताईचे डोळे भरून आले खरे, पण रागानं.

"मला पाणी चालत नाही कारण माझी किडनी मेलीय," ती म्हणाली. "तुझी जिवंत आहे, तर तिला मारायला निघालास? मला सोबत म्हणून?"

ताईनं सुमेधाला फोन केला, आणि सुमेधा येईपर्यंत साखर-मीठ-लिंबू घातलेलं पाणी करून त्याच्या हातात दिलं. एक एक घोट घे म्हणाली आणि समोर बसून राहिली. पेला रिकामा झाला की भरत होती. तिच्या स्वतःच्या जिभेवर तेव्हा लिंबाची एक फोड होती, तहान मारायला ठेवलेली.

हॉस्पिटलात सलाईन लागलं, रक्त तपासणीला गेलं, रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, मार्चमध्ये होता त्याच्या अडीचपट झाला होता. सालोमी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. बाटली, नवस, वाळू, गोळ्या. त्या मधेमधे चष्मा काढून डोळे चोळत होत्या. मग त्यांनी त्याचं घड्याळ मागून घेतलं आणि तीन आठवड्यांचे ठोके बघितले.

"तिरोडकर, पाणी कमी झालं की रक्त कमी पडतं. मग आहे तेवढ्या रक्तात सगळं अंग भागवायला हृदयाला जोरात पळावं लागतं. तेही पुरेना झालं की किडनीला रक्त मिळत नाही. त्यावर तुम्ही त्या गोळ्या घेतल्या, म्हणजे जे मिळत होतं तेही आवळलं. तुमचं हृदय तीन आठवडे ओरडून सांगत होतं."

"मला वाटलं, टाळ्या वाजवतंय," चंद्रहास म्हणाला.

सुमेधाला हसू आलं आणि ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. बाहेर जाऊन ती रडली हे त्याला नंतर कळलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

"आणि ऑपरेशन?" त्यानं विचारलं.

"जूनमध्ये नाही. तुमची किडनी सुधारेल असं मला वाटतं, वय आणि बाकीचे रिपोर्ट चांगले आहेत. पण ती पूर्ण सुधारली आणि तशी टिकली हे दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही. तीनेक महिने तरी बघावं लागेल. आणि टिकली नाही, तर ती तुम्हालाच लागेल. मग विनिताताईंसाठी दुसरा मार्ग शोधायचा."

हे सगळं ताईच्या समोर चाललं होतं. ती कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती, सुजलेले पाय लोंबकळत. चंद्रहासला तिच्याकडं बघवेना. आयुष्यभर त्यानं नवसातून पळवाटा काढल्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही. एकच नवस इमानानं पाळला, तर बहिणीचे तीन महिने गेले, आणि कदाचित किडनीही. आपल्यासारख्या माणसानं प्रामाणिक होऊच नये, असं त्याला मनापासून वाटलं.

"डॉक्टर," ताई म्हणाली, "ती किडनी माझी आहे. जूनपर्यंत ठेवायला म्हणून याच्याकडं दिली होती. लहानपणी माझी सायकल दिली होती तेव्हाही यानं असंच केलं होतं." मग ती चंद्रहासकडं वळली. "रडू नकोस. पाणी जातं."

सलाईननं ठोके उतरले. दोन दिवसांत घड्याळात पॉइंट शून्य झाले आणि ग्रुपवर चंद्रहास परत शेवटून पहिला आला. गॉडफ्रेनं लिहिलं, "घड्याळ बिघडलं का तुझं?" त्यानं उत्तर दिलं, "घड्याळ ठीक आहे. ते घालणारा बिघडला होता." मग खाली सगळी हकीकत लिहून टाकली, स्वतःवर जरा जास्तच मीठ-मसाला लावून. ऑफिस आठवडाभर हसलं. त्या हसण्यानं त्याला नेहमी बरं वाटायचं, या वेळी वाटलं नाही.

पुढच्या रिपोर्टात आकडा उतरला, त्याच्या पुढच्यात आणखी. पण अजून जुन्या जागी आला नव्हता. वाट बघायची होती, आणि ती मुख्यतः ताईला बघायची होती.

सुट्टी काढून तो तिच्या प्रत्येक डायलिसिसला सोबत जायला लागला. चार तास ती मशीनला जोडलेली असायची, नळ्यांतून रक्त बाहेर जायचं आणि धुऊन परत यायचं. अंगातलं साठलेलं पाणी निघायचं तसे तिचे ओठ आणखी सुकायचे. पहिल्याच दिवशी तिनं सिस्टरला सांगून कूलरचं पाणी मागवलं आणि पेला त्याच्या हातात द्यायला लावला.

"पी," ती म्हणाली.

"बाहेर जाऊन पितो, ताई."

"इथं पी. माझ्यासमोर. तू बाहेर जाऊन काय करतोस याच्यावर माझा विश्वास नाही."

चंद्रहासनं पेला तोंडाला लावला. बाटली मोजून पिणं सोपं होतं, त्यात निदान आपण कुणीतरी मोठे असल्यासारखं वाटायचं. हे अवघड होतं. हातावर टेकलेली मान, पापुद्रे आलेले ओठ, आणि आपल्या घशाकडं लागलेली तिची नजर. पहिला घोट त्यानं कसाबसा गिळला.

"गार आहे?" ताईनं विचारलं.

"आहे."

"कसं लागतंय, सांग ना."

आयुष्यात कुठल्याही विषयावर तासभर बोलू शकणारा माणूस तो, त्याला शब्द सापडेनात. त्यानं आणखी एक घोट घेतला, तोंडात थोडा वेळ धरला, मग गिळला.

"आधी दाताला लागतं," तो हळूहळू म्हणाला. "मग जिभेच्या मागं जातं. मग घशातून उतरताना कळतं, इथं, छातीच्या मधोमध. तिथून खाली गेलं की कळत नाही."

ताईनं डोळे मिटले होते. तिचा गळा रिकामाच एकदा खाली-वर झाला.

"अजून घे," ती म्हणाली. "सावकाश घे. आणि सांगत राहा."